पक्षांतरबंदी कायदा: निकाल कोण देतो आणि कधी देतो

हिमाचल प्रदेशात २७ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यसभेच्या एका जागेसाठी मतदान झाले, तेव्हा सत्ताधारी काँग्रेसच्या सहा आमदारांनी स्वपक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिले. दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प मंजुरीला आला, त्या वेळी पक्षाचा आदेश असूनही हे सहाजण सभागृहात नव्हते. तिसऱ्या दिवशी विधानसभा अध्यक्षांनी त्यांची आमदारकी रद्द केली.

याच्या शेजारी उत्तर प्रदेशातले एक जुने प्रकरण ठेवून पाहू. २७ ऑगस्ट २००३ रोजी बहुजन समाज पक्षाच्या १३ आमदारांनी राज्यपालांची भेट घेतली आणि समाजवादी पक्षाच्या नेत्याला सरकार बनवण्यासाठी पाचारण करावे, असे पत्र त्यांना दिले. या १३ जणांना अपात्र ठरवावे, असा अर्ज ४ सप्टेंबरला अध्यक्षांकडे दाखल झाला. त्यांची आमदारकी पत्र दिले त्या दिवशीच गेलेली होती, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १४ फेब्रुवारी २००७ रोजी. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती आणि ज्या सरकारला त्यांनी हातभार लावला, त्याने आपला कारभार करून घेतला होता.

एका ठिकाणी दोन दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी साडेतीन वर्षे. कायदा मात्र दोन्हीकडे एकच, राज्यघटनेची दहावी अनुसूची, जिला वर्तमानपत्रांत दहावे परिशिष्ट असेही म्हणतात आणि बोलण्यात आपण सगळेच पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. फरक इतकाच होता की हिमाचलात फुटलेले आमदार सरकारच्या मुळावर उठले होते आणि उत्तर प्रदेशात ते सरकारचा आधार झाले होते. हा कायदा समजून घ्यायचा तर त्यातल्या मनाईपेक्षा, त्या मनाईचा निवाडा कोणाच्या हाती दिला आहे आणि त्याला किती वेळ दिला आहे, याकडे जास्त लक्ष द्यावे लागते, असे माझे मत आहे.

कायदा करायला अठरा वर्षे का लागली

मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षाचा उल्लेखच नव्हता. मतदार व्यक्तीला निवडून देतो आणि ती व्यक्ती सभागृहात आपल्या बुद्धीने मत देते, असे घटनेचे चित्र होते. प्रत्यक्षात मतदार पक्ष आणि चिन्ह पाहून मत देत होता. ही तफावत १९६७ च्या निवडणुकीनंतर उघडी पडली, कारण अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले, काठावरची सरकारे आली आणि एकेका आमदाराला किंमत आली. हरियाणातले गयालाल हे आमदार एका पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलून मोकळे झाले, आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग त्यांच्या नावावरून देशभर पसरला.

हा प्रकार किती फैलावला आहे हे तपासण्यासाठी लोकसभेच्या ठरावानुसार तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने दिलेले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीदरम्यानच्या सगळ्या वर्षांत मिळून सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एकाच वर्षात ती किमान ४३८ झाली. काही राज्यांतल्या पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, ज्या मंत्रिमंडळांच्या स्थापनेला त्यांनी मदत केली, त्याच मंत्रिमंडळांत जागा मिळाली. म्हणजे निम्म्याहून अधिक जण मंत्री झाले. ‘विचार पटले नाहीत म्हणून पक्ष सोडला’ या स्पष्टीकरणाची बोळवण करायला हा एक आकडा पुरेसा होता.

तरीही कायदा लगेच झाला नाही. १९७३ साली आणलेले घटनादुरुस्ती विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यामुळे बारगळले, आणि १९७८ चा प्रयत्न तर मांडणीच्या टप्प्यावरच विरोधामुळे सोडून द्यावा लागला. पक्षांतराचा फायदा कधी ना कधी प्रत्येकालाच झालेला असल्यामुळे ही टाळाटाळ समजण्यासारखी आहे. शेवटी डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत राजीव गांधींना प्रचंड बहुमत मिळाले, म्हणजे फुटीर खासदारांची गरज नसलेले सरकार आले, तेव्हा ५२ वी घटनादुरुस्ती जानेवारी १९८५ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. १ मार्च १९८५ पासून दहावी अनुसूची लागू झाली.

नेमकी मनाई कशाची

पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या सदस्याचे सदस्यत्व दोन कारणांनी जाते. पहिले कारण म्हणजे त्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणे, आणि दुसरे म्हणजे पक्षाचा आदेश डावलून सभागृहात मत देणे किंवा मतदानाला गैरहजर राहणे. दुसऱ्या कारणात एक पळवाट पक्षासाठी ठेवलेली आहे: सदस्याने आधी परवानगी घेतली असेल, किंवा पक्षाने पंधरा दिवसांच्या आत त्याला माफ केले असेल, तर अपात्रता येत नाही.

‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ याचा अर्थ लेखी राजीनामा देणे एवढाच होत नाही. गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सदस्याच्या वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. वर सांगितलेल्या १३ आमदारांनी बसपचा राजीनामा दिलेला नव्हता, पण दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला मुख्यमंत्री करा म्हणून राज्यपालांकडे जाणे हेच पक्ष सोडणे ठरले. राज्यसभेचे सदस्य शरद यादव यांचे सदस्यत्व डिसेंबर २०१७ मध्ये गेले, तेही विरोधकांच्या सभेला हजेरी लावण्यासारख्या वागणुकीवरूनच.

पक्षादेशाला आपण व्हीप म्हणतो आणि तो बजावणाऱ्याला प्रतोद. जाता जाता सांगायचे तर प्रतोद या संस्कृत शब्दाचा अर्थ चाबूक किंवा पराणी असाच आहे, त्यामुळे मराठीत आदेश इंग्रजी चाबकाने निघतो आणि तो काढणारा संस्कृत चाबूक असतो. व्हीप सभागृहातल्या कामकाजापुरता चालतो. राज्यसभेच्या निवडणुकीतले आमदारांचे मतदान हे सभागृहाचे कामकाज मानले जात नाही, म्हणून हिमाचलातल्या सहाजणांची आमदारकी पक्षाच्या उमेदवाराला पाडल्याबद्दल गेली नाही. ती दुसऱ्या दिवशीच्या गैरहजेरीबद्दल गेली. बातम्या वाचताना या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते.

अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर कोणत्याही पक्षात प्रवेश केला तर त्याचेही सदस्यत्व जाते, कारण लोकांनी त्याला पक्षाविना निवडलेले असते. नामनिर्देशित सदस्याला मात्र पहिल्या सहा महिन्यांत पक्षात जाण्याची मुभा आहे. या नियमांचा अनुभव मिझोरामच्या लालदुहोमा यांच्याइतका क्वचितच कोणी घेतला असेल. काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेल्यावर पक्ष सोडला म्हणून १९८८ मध्ये त्यांची खासदारकी गेली, आणि या कायद्याखाली अपात्र ठरलेले ते पहिले खासदार. पुढे अपक्ष आमदार असताना एका पक्षात सामील झाल्याच्या कारणावरून २०२० मध्ये त्यांची आमदारकीही गेली. पुढच्याच वर्षी ते पोटनिवडणुकीत त्याच मतदारसंघातून परत निवडून आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री झाले.

लालदुहोमांच्या उदाहरणातून एक गैरसमजही दूर होतो. अपात्र ठरलेल्या सदस्याला सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही, असे बरेच जण धरून चालतात. सहा वर्षांची बंदी गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांसाठी आणि भ्रष्ट निवडणूक गैरप्रकारांसाठी वेगळ्या कायद्यात आहे. पक्षांतराने फक्त चालू सदस्यत्व जाते आणि माणूस लगेच पोटनिवडणुकीला उभा राहू शकतो.

बाहेर पडण्याच्या तीन वाटा

१९८५ च्या मजकुरात दोन अपवाद होते. विधिमंडळ पक्षाचे, म्हणजे सभागृहातल्या त्या पक्षाच्या गटाचे, एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि कोणी अपात्र ठरत नसे. दोन तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिली तर ते ‘विलीनीकरण’ मानले जाई. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला परवाना, अशी टीका यावर पहिल्या दिवसापासून होत आली. उत्तर प्रदेशात २००३ मध्ये नेमके हेच घडले: १३ आमदारांविरुद्धचा अर्ज तसाच पडून राहिला, दरम्यान बाहेर पडलेल्यांची संख्या वाढत ३७ झाली, आणि १०९ सदस्यांच्या पक्षाचा एक तृतीयांश हिस्सा भरायला ३७ च लागत होते. अध्यक्षांनी ६ सप्टेंबर २००३ रोजी या फुटीला मान्यता दिली. अर्ज थांबला नसता तर ही बेरीज जुळली नसती.

त्याच वर्षी संमत झालेल्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीचा अपवाद काढून टाकला. याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपुरता मर्यादित केला (लहान राज्यांत किमान १२ मंत्री चालतात), आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत, किंवा सभागृहाची मुदत संपेपर्यंत, मंत्रिपद किंवा लाभाचे राजकीय पद देता येणार नाही, असे ठरवले. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याण सिंह यांच्या मंत्रिमंडळात ९३ मंत्री होते, हे आठवले की या मर्यादेची गरज का भासली हे निराळे सांगावे लागत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात परिणामकारक तरतूद हीच आहे, कारण तिने देण्याघेण्याच्या मालाचाच साठा कमी केला.

उरली विलीनीकरणाची वाट. तिच्या मजकुरात एक गाठ आहे. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला असेल तर सदस्याला संरक्षण मिळते, असे एक वाक्य सांगते. आणि विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिली तरच असे विलीनीकरण झाल्याचे मानले जाईल, असे पुढचे वाक्य सांगते. मग मूळ पक्षाने आधी ठराव करायला हवा, की आमदारांची संख्या भरली की मूळ पक्ष विलीन झाला असे आपोआप समजायचे? गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार, म्हणजे अगदी मोजून दोन तृतीयांश, भाजपमध्ये गेले. राष्ट्रीय पातळीवरचा काँग्रेस पक्ष अर्थातच भाजपमध्ये विलीन झाला नव्हता. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसरा अर्थ ग्राह्य धरला आणि त्या आमदारांची अपात्रता नाकारली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. राजस्थानात २०१९ मध्ये बसपचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसमध्ये गेले होते, तर अरुणाचल प्रदेशात २०१६ च्या सप्टेंबरात काँग्रेसच्या ४४ पैकी ४३ आमदारांनी एका प्रादेशिक पक्षात आणि त्यांतल्या ३३ जणांनी त्याच वर्षाच्या अखेरीस भाजपमध्ये प्रवेश केला. लहान विधानसभांमध्ये दोन तृतीयांश म्हणजे फार मोठा आकडा नसतो, हे यामागचे साधे कारण.

दुसरी वाट राजीनाम्याची. कर्नाटकात जुलै २०१९ मध्ये सत्ताधारी आघाडीचे आमदार एकापाठोपाठ राजीनामे देऊ लागले. राजीनामा दिला की सभागृहाची संख्या घटते, संख्या घटली की बहुमताचा आकडा खाली येतो, आणि विरोधकांना एकही मत फोडावे न लागता सरकार पडते. कुमारस्वामी सरकार २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडले. अध्यक्षांनी राजीनामे न स्वीकारता १७ जणांना अपात्र ठरवले आणि विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यासही मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये अपात्रता कायम ठेवली, पण अध्यक्षांना निवडणूकबंदीचा अधिकार नाही म्हणून ती मनाई रद्द केली. डिसेंबरमध्ये १५ जागांवर पोटनिवडणुका झाल्या आणि त्यांतल्या १२ भाजपने जिंकल्या. या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. कायद्याला बगल दिली गेली हे खरे, पण मतदारासमोर पुन्हा जावे लागले हेही खरे, आणि विलीनीकरणात तर तेवढेही करावे लागत नाही.

तिसरी वाट सर्वात नवी आणि सर्वात गुंतागुंतीची आहे: पक्ष सोडायचाच नाही, तर ‘आम्हीच पक्ष आहोत’ असे म्हणायचे.

पक्ष म्हणजे कोण

महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे बहुसंख्य आमदार गेले, तेव्हा ते दुसऱ्या कुठल्या पक्षात विलीन झाले नाहीत. फुटीचा अपवाद कायद्यात उरलेला नव्हता. त्यामुळे सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबला: व्हीप कोणाचा? दोन्ही गटांचे प्रतोद वेगळे होते आणि दोघांनीही व्हीप बजावले होते. ज्याचा व्हीप खरा, त्याच्या विरोधातले सगळे अपात्र.

दहावी अनुसूची ‘मूळ राजकीय पक्ष’ आणि ‘विधिमंडळ पक्ष’ असा भेद करते. सभागृहाबाहेरची संघटना, तिचे पदाधिकारी, तिची घटना हा मूळ पक्ष. त्या पक्षाचे सभागृहातले सदस्य म्हणजे विधिमंडळ पक्ष. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. आणि खरा पक्ष कोणता हे ठरवताना केवळ आमदारांची डोकी मोजून चालणार नाही. राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश देण्यासाठी पुरेसा आधार नव्हता, असेही न्यायालय म्हणाले. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असे सांगून अपात्रतेचा निर्णय ‘वाजवी मुदतीत’ घेण्यासाठी न्यायालयाने तो अध्यक्षांकडे सोपवला.

अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. पक्षाची घटना, नेतृत्वरचना आणि विधिमंडळातले बहुमत या कसोट्या लावताना त्यांनी घटना आणि नेतृत्वरचनेवरून प्रश्न सुटत नाही असे मानले, बहुमताच्या आधारे शिंदे गट हाच खरा पक्ष ठरवला, आणि दोन्ही गटांपैकी कोणाही आमदाराला अपात्र केले नाही. राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये २ जुलै २०२३ रोजी पडलेल्या फुटीचा निर्णय १५ फेब्रुवारी २०२४ रोजी याच वळणाने आला. दरम्यान निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि चिन्ह यांचा निवाडा १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाखाली स्वतंत्रपणे केलेला होता. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देणारी दोन कार्यालये, आणि ती एकमेकांना बांधील नाहीत, अशी ही रचना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची पुढची निवडणूक झाली.

खुर्चीवर बसलेला माणूस

आमदाराने लाभाचे पद घेतले म्हणून त्याला अपात्र ठरवायचे असेल, तर निर्णय राज्यपाल घेतात आणि तो निवडणूक आयोगाच्या मतानुसारच घ्यावा लागतो. खासदाराच्या बाबतीत राष्ट्रपतींवर तेच बंधन आहे. पक्षांतराचा प्रश्न आला की मात्र निर्णय लोकसभा किंवा विधानसभेच्या अध्यक्षांकडे आणि राज्यसभा किंवा विधान परिषदेच्या सभापतींकडे जातो. अध्यक्ष बहुमताने निवडले जातात आणि बहुमताने हटवता येतात. ज्या बहुमताच्या जोरावर ते खुर्चीवर बसतात, त्याच बहुमताचा पाया काढून घेणारा निकाल त्यांनी द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

दहाव्या अनुसूचीतच यावर एक उपाय लिहून ठेवला आहे: अध्यक्ष झालेल्या व्यक्तीने आपल्या पक्षाचा राजीनामा दिला तर तिला पक्षांतराचा दोष लागत नाही. नीलम संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर, असा कायदा नसतानाही, पक्ष सोडला होता. कायद्याने दिलेली ही सोय त्यानंतर जवळजवळ वापराविना पडून आहे.

मूळ अनुसूचीत अध्यक्षांचा निर्णय अंतिम होता आणि न्यायालयांना त्यात डोकावण्याची मनाई होती. नागालँडमधून आलेल्या किहोटो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई रद्द केली, कारण न्यायालयांच्या अधिकारांना हात लावणाऱ्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते आणि ती घेतलेली नव्हती. बाकीचा कायदा तीन विरुद्ध दोन मतांनी टिकला. अध्यक्ष हे या कामापुरते न्यायाधिकरण आहेत आणि त्यांच्या निर्णयाची नंतर न्यायालयीन तपासणी होऊ शकते, असे बहुमताने ठरले. अल्पमतातल्या न्यायमूर्ती शर्मा आणि न्यायमूर्ती वर्मा यांनी नेमक्या वरच्याच कारणासाठी हा अधिकार अध्यक्षांकडे असू नये, असे लिहून ठेवले. १९९२ च्या त्या अल्पमताचे वजन पुढच्या प्रत्येक प्रकरणानंतर वाढत गेले आहे.

बहुमताच्या निकालात एक वाक्य असे होते की अध्यक्षांचा निर्णय होण्यापूर्वी न्यायालयाने साधारणतः मध्ये पडू नये. हेतू रास्त होता, चालू सुनावणीत कोणी अडथळे आणू नयेत. परिणाम असा झाला की निर्णय दिला तर न्यायालयाची तपासणी, आणि निर्णयच दिला नाही तर काहीच नाही. दहाव्या अनुसूचीत कालमर्यादा नाही. सदस्याने सात दिवसांत उत्तर द्यावे असे नियम सांगतात, पण निर्णय देणाऱ्यावर तसे बंधन नाही. विधानसभेचे आयुष्य पाच वर्षांचे असते आणि ते उलटले की अर्ज आपोआप निरर्थक होतो. अशा ठिकाणी स्वस्थ बसणे हाही एक निकालच असतो, फक्त त्यावर अपील करता येत नाही.

मणिपूरमध्ये २०१७ साली काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले एक आमदार लगेच भाजपच्या सरकारात मंत्री झाले आणि त्यांच्याविरुद्धचे अर्ज वर्षानुवर्षे तसेच राहिले. न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले की अपवादात्मक परिस्थिती नसेल तर असे अर्ज तीन महिन्यांत निकाली निघायला हवेत, आणि हे काम निवृत्त न्यायाधीशांच्या स्थायी न्यायाधिकरणाकडे देण्याचा संसदेने विचार करावा. चार आठवड्यांत निर्णय घेण्याचा आदेशही पाळला गेला नाही, तेव्हा मार्चमध्ये न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात त्या मंत्र्यांना मंत्रिमंडळातून दूर केले आणि सभागृहात प्रवेश करण्यास मनाई केली. तेलंगणात भारत राष्ट्र समितीच्या दहा आमदारांविरुद्धचे अर्ज असेच लांबले, तेव्हा ३१ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली.

व्हीपची दुसरी बाजू

या कायद्याची किंमत सभागृहातल्या चर्चेने मोजली आहे. सरकार पडण्याचा प्रश्न नसला, साधे एखादे विधेयक असले, तरी पक्षाने व्हीप काढला की सदस्याला वेगळे मत देता येत नाही. आपल्या मतदारसंघाच्या विरोधात जाणाऱ्या विधेयकावर तो भाषणात हरकत घेऊ शकतो, मत मात्र पक्षाच्या बाजूनेच द्यावे लागते. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की व्हीप मोडल्याची अपात्रता विश्वासदर्शक आणि अविश्वास ठराव, अर्थविधेयक, आभारप्रदर्शनाचा ठराव अशा, सरकारच्या अस्तित्वाशी जोडलेल्या मतदानापुरती ठेवावी, आणि निर्णय राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने द्यावा. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात फुटीसोबत विलीनीकरणाचा अपवादही काढून टाकण्याची शिफारस केली. यांपैकी फक्त फुटीचा भाग अमलात आला.

आता तेलंगणाच्या निकालात न्यायालयाने पुन्हा एकदा संसदेलाच विचारले आहे की हे काम अध्यक्षांकडे ठेवायचे का. ते दुसऱ्याकडे द्यायचे तर दहाव्या अनुसूचीत बदल करावा लागेल, म्हणजे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागेल. असे विधेयक आलेच, तर त्या दिवशी प्रत्येक पक्ष आपल्या खासदारांवर व्हीप बजावेल, आणि तो मोडणाऱ्याचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार तोपर्यंत खुर्चीवर बसलेल्यांकडेच असेल.